अर्धा झाडलेला जिना

१

झेलरबाईंची बॅग नाहीशी झाली ती भर दुपारी, चेरीच्या केकचा दुसरा तुकडा आणि कॉफीचा तिसरा कप यांच्या मधल्या वेळात.

टालिंगेन हे दक्षिण जर्मनीतल्या श्वाबियाच्या डोंगरातलं लहानसं गाव. तिथे चोऱ्या होत नसत. होत असतीलही, पण चारचौघांत तसं बोलून दाखवणं चोरीहून वाईट दिसे. त्यामुळे झेलरबाई तळमजल्यावरच्या श्वेंकबाईंच्या दारात उभ्या राहून "माझी बॅग नाही" असं म्हणाल्या, तेव्हा श्वेंकबाईंनी आधी उठून खिडकी लावली.

"नाही म्हणजे काय?"

"नाही म्हणजे नाही. माझ्या दाराबाहेर ठेवली होती. आता तिथे नुसतं पायपुसणं आहे."

गाडी दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळची. झेलरबाईंनी बॅग भरली होती बुधवारीच, आणि शुक्रवारी सकाळी ती दाराबाहेर काढून ठेवली होती, जणू गाडी जिन्यातच येणार होती. कोलोनला त्या जन्मात पहिल्यांदा चालल्या होत्या. रविवारी तिथे त्यांच्या नातवाचा बाप्तिस्मा होता. बाळाला पाद्रीपुढे धरायचं ते झेलरबाईंनी. आणि बाळाला घालायचा तो खानदानी पांढरा झगा त्या बॅगेत होता. तिकीट त्याच झग्याच्या घडीत होतं. म्हणजे बॅग नाही तर झगा नाही, तिकीट नाही, आणि आजी नाही.

"तरी मी म्हणत होते," श्वेंकबाई म्हणाल्या. त्या काय म्हणत होत्या हे कोणालाच आठवेना, पण त्या नेहमी काहीतरी म्हणत असतच.

टेबलाशी तिसरे बसले होते आयझेलेसाहेब. झेलरबाईंच्या समोरच्या बिऱ्हाडात राहणारे, विधुर, निवृत्त. रेल्वेच्या हरवलेल्या वस्तूंच्या कचेरीत त्यांची सगळी नोकरी गेली. त्यांच्या खिडकीशी छत्र्या आल्या, कवळ्या आल्या, एकदा एक जिवंत हंस आला. सगळी उमर वस्तू समोर असायची आणि मालकाचा पत्ता नसायचा. आज पहिल्यांदाच मालकीण समोर होती आणि वस्तूचा पत्ता नव्हता.

त्यांनी काटा बशीत ठेवला. "कोणीही जिन्यात जाऊ नका," ते म्हणाले.

"का?" श्वेंकबाईंनी विचारलं.

आयझेलेसाहेबांना ते नक्की ठाऊक नव्हतं. पण जिन्यातून काहीतरी त्यांच्या नाकाला जाणवलं होतं, आणि ते केकचं नव्हतं.

२

"वस्तू कोणती?" त्यांनी सवयीने सुरुवात केली.

"तुम्हाला माहीत आहे, साहेब."

"तरी सांगा. पद्धत आहे."

"तपकिरी चामड्याची. आमच्या ह्यांची, गोटलोबची. बक्कल तुटलं म्हणून भोवती पट्टा आवळलेला."

"आत काय?"

"झगा. तिकीट. जाड बंडी, कारण कोलोनला नदीवरून वारा येतो. मनुकांचा जॅम. आणि शेवया पाडायचा लोखंडी सोऱ्या. माझ्या सुनेकडे सोऱ्या नाही." हे वाक्य त्यांनी, सुनेच्या घरी छप्पर नाही अशा आवाजात उच्चारलं.

"शेवटची कधी पाहिलीत?"

"कॉफीला खाली आले तेव्हा. नंतर गॅस बघायला वर गेले तेव्हाही असेल. मग खिडकी बघायला गेले. मग इस्त्री बघायला." झेलरबाई थांबल्या. "मग पुन्हा गॅस."

ते खरं होतं. त्या दुपारी झेलरबाई बूड टेकवायला तयार नव्हत्या. खाली आल्या की वरचं आठवे, वर गेल्या की कॉफी आठवे. एकदा तर इतका वेळ लावला की कपावर साय धरली आणि श्वेंकबाईंनी तो कप डोळ्यांनीच ओतून टाकला.

"अजून काही विचारायचं आहे?" झेलरबाईंनी घड्याळाकडे पाहत विचारलं.

आयझेलेसाहेब म्हणाले, नाही. त्यांना काहीतरी खटकलं होतं. जिभेवर आलेलं नाव आठवू नये तसं काहीतरी. झेलरबाईंनी सगळं सांगितलं होतं, इतकं चोख की त्यांच्या खिडकीशी आलेल्या कोणत्याही माणसाने कधी सांगितलं नसेल. तरी एक गोष्ट त्या बोलल्या नव्हत्या. कोणती?

ती आठवायला त्यांना उरलेली दुपार लागली. कारण मध्येच श्वेंकबाई उठून उभ्या राहिल्या, बोट छताकडे केलं, आणि म्हणाल्या, "चोर वर बसून वाजवतोय."

३

वर, दुसऱ्या मजल्यावर, रोडेमास्तर ट्रॉम्बोन, तो लांब पितळी कर्णा, वाजवत होते. तरुण, एकटे, शाळेत संगीत शिकवणारे, आणि मुख्य गुन्हा म्हणजे उत्तरेकडचे.

इथे घराची एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर टांगलेलं आहे. श्वाबियात जिना हा देवळासारखा असतो आणि त्याची पूजा वाटून घेतलेली असते. एक लाकडी पाटी ज्याच्या दाराला लटकते, त्याचा केराचा आठवडा. त्याने जिना झाडायचा, पुसायचा, कठडा पुसायचा, पायपुसणी उचलून खालची फरशी पुसायची. शनिवारी पाटी पुढच्या दारावर. लग्नं मोडली आहेत पाटीपायी. ह्या आठवड्यात पाटी रोडेमास्तरांच्या दारावर होती, आणि नेमका त्याच सकाळी धुरांडी साफ करणारा माणूस येऊन माळ्यापासून तळमजल्यापर्यंत काजळीचे बूट उमटवून गेला होता. मास्तरांनी त्यावरून उडी मारून शाळा गाठली होती.

"घरमालकांनी ह्याला शेवटची ताकीद दिलीय," श्वेंकबाई नजर वरच्या दारावर रोखून जिना चढता चढता म्हणाल्या. "सहाच्या घंटेपर्यंत बॅग आली नाही तर मी फोन करणार. महिन्याभरात खोली रिकामी."

"आणि तोवर जिना?" आयझेलेसाहेबांनी विचारलं. "तुम्हीच झाडून टाकला असतात तर?"

श्वेंकबाई पायरीवर थबकल्या. त्यांना कोणी एवढं कधी बोललं नव्हतं. "दुसऱ्याच्या आठवड्यात? मी? झाडू हातात घेईन? काजळीत गुडघाभर चालेन, पण घेणार नाही. मग ह्याला वळण कधी लागणार?" आणि वळून, "तुमचाही आठवडा उद्यापासूनच ना हो, झेलरबाई? आणि तुम्ही निघालात कोलोनला! मजा आहे."

झेलरबाई गोऱ्यामोऱ्या झाल्या. हे त्या दुपारी श्वेंकबाईंनी त्यांना कॉफीच्या प्रत्येक कपागणिक ऐकवलं होतं.

मास्तरांनी दार उघडलं. ओठांवर अजून वाद्याचं वर्तुळ होतं.

"बॅग? कसली बॅग? मी शाळेतून आलो तो वाजवतोच आहे. तुम्ही ऐकलं नाहीत?"

"रेकॉर्ड लावली असेल," श्वेंकबाई म्हणाल्या.

"बाई, इतकं चुकीचं वाजवलेली रेकॉर्ड कोण काढेल?"

हा पुरावा आयझेलेसाहेबांना बिनतोड वाटला. चूक त्यांनीही ऐकली होती. एकाच जागी, पुन्हा पुन्हा, मध्ये खंड न पडता.

"दाराबाहेर काही आवाज?"

मास्तर जरा संकोचले. "खसखस ऐकू आली होती. बराच वेळ. मला वाटलं श्वेंकबाई कान लावून बसल्यात."

"मी? कान?" श्वेंकबाई लाल झाल्या.

"रोज बसता, म्हणून म्हटलं."

पुढे जे झालं त्यात श्वाबिया आणि उत्तर जर्मनी यांचा जुना हिशेब निघाला, तेव्हा आयझेलेसाहेब हळूच मागे सरले आणि त्यांची नजर मास्तरांच्या पायपुसण्यावर पडली. हे पायपुसणं वर्षानुवर्षं तिरकं असे. आज ते सरळ होतं. त्यांनी कोपरा उचलला.

खालची फरशी ओली होती.

४

तेव्हा त्यांना कळलं की जिन्यातून कसला वास आला होता. साबणाचा.

ते वर गेले, मग खाली आले, मग पुन्हा वर. कॉफीच्या सुरुवातीला त्यांनी स्वतः चेरीच्या दारूची बाटली आणायला पहिल्या मजल्यापर्यंत फेरी मारली होती. तेव्हा त्यांच्या दारासमोरून वर जाणाऱ्या पायऱ्यांवर काजळीचे बूट ठळक दिसत होते. आता पहिल्या मजल्यापासून माळ्यापर्यंत जिना आरशासारखा होता. कठड्याची खालची बाजू त्यांनी बोटाने चाचपली, तीसुद्धा. आणि पहिल्या मजल्यापासून खाली, श्वेंकबाईंच्या काचेच्या दारापर्यंत, सकाळचे काळे बूट जसेच्या तसे.

बॅग खाली गेलीच नव्हती. बाहेरचा माणूस आलाच नव्हता. श्वेंकबाईंच्या काचेच्या दारासमोरून माशी गेली तरी तिला पाय पुसावे लागत. बॅग वर गेली होती. जड बॅग, ओढत नेलेली, काजळीतून फराटे उमटवत. आणि ज्याने ती नेली त्याने मागचे फराटे पुसले.

माळ्यावर कपडे वाळत घालायच्या दोऱ्या होत्या आणि प्रत्येक बिऱ्हाडाचं भंगार. जुन्या तांब्याच्या धुण्याच्या हंड्यामागे, चादरीखाली, तपकिरी चामडं दिसत होतं. भोवती पट्टा.

आयझेलेसाहेब त्या बॅगेवर बसले.

आणि मग त्यांनी बराच वेळ काहीच केलं नाही.

त्याचं कारण गुरुवार होतं. झेलरबाई आणि त्यांचे पती कै. गोटलोब हिवाळ्यातल्या संध्याकाळी कोलोनचा नकाशा टेबलावर पसरून सहलीचा बेत करत. दरवर्षी बेत व्हायचा, दरवर्षी छप्पर गळायचं किंवा कोणाचा गुडघा दुखायचा, आणि कोलोन पुढच्या वर्षावर जायचं. गोटलोब गेले तेव्हा नकाशा उघडाच होता. पुढच्या गुरुवारी आयझेलेसाहेब सांत्वनाला म्हणून समोर गेले, चष्मा लावला आणि म्हणाले, "स्टेशनातून बाहेर पडलं की चर्च डाव्या हाताला लागतं वाटतं." तेव्हापासून दर गुरुवारी ते जात. न पाहिलेल्या शहरातल्या गल्ल्या त्यांना टालिंगेनपेक्षा पाठ झाल्या होत्या. कोणत्या पुलावरून नदी बघायची यावर दोघांचं भांडण झालं होतं आणि ते ईस्टरआधीच्या उपासाचा अख्खा लेंट चाललं होतं. तिथली बियर औषधाच्या पेल्याएवढ्या ग्लासात देतात, यावर झेलरबाईंचा विश्वास बसत नव्हता. ते चर्च बांधायला सहा शतकांहून जास्त लागली हे वाचल्यावर त्यांनी एकच प्रश्न केला होता: "तोवर केर कोण काढत होतं?"

आणि मग नातू झाला. बेताची तारीख ठरली. उलरिखने, मुलाने, फोनवर सांगितलं, "आई, तुझी खोली तयार ठेवलीय. आवडलं तर राहा."

फोन समोरच्या बिऱ्हाडातही ऐकू येईल एवढ्या मोठ्याने होता.

म्हणून आयझेलेसाहेब बॅगेवर बसून राहिले. कोणाला काही कळलं नव्हतं. चादर पुन्हा टाकायची, खाली जायचं, खांदे उडवायचे. सकाळी गाडी निघून जाईल. बाप्तिस्मा दुसरी कोणीतरी आत्या-मावशी उरकेल. गुरुवारी नकाशा उघडेल. एका ट्रॉम्बोनवाल्याला खोली सोडावी लागेल, इतकंच. आणि त्याचं वाजवणं ऐकलेला कोणीही त्यासाठी रडला नसता.

त्यांनी चादर उचलली. आणि तेवढ्यात त्यांना आठवलं, झेलरबाई काय बोलल्या नव्हत्या.

५

साडेपाचला श्वेंकबाई चर्चच्या गाण्याच्या तालमीला गेल्या. जाताना म्हणाल्या, "आले की फोन."

"खुशाल," आयझेलेसाहेब जिन्यात सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "मी जरा पाय मोकळे करून येतो. तपास उद्या." मग त्यांनी खालचं दार आतूनच उघडून दाणकन आपटलं, बूट काढले, मोज्यांवर वर आले आणि जिन्याच्या वळणावर अंधुक उजेडात उभे राहिले.

चोर पकडायला त्यांना पोलीस नको होता. त्यांना फक्त तो खालचा अर्धा जिना हवा होता, काजळीचा. ज्याने वरचा अर्धा तसा पुसला होता, पायपुसण्याखाली, कठड्याच्या पोटाला, त्याला खालचा तसाच सोडून झोप लागणार नव्हती. जगात दुसरीकडे कुठे लागली असती; इथे नाही.

फार वाट पाहावी लागली नाही. दार करकरलं. पावलं त्यांच्या समोरून खाली गेली. बादलीची कडी. मग: खस्स. खस्स. खस्स.

"कोपऱ्यात राहिलंय," आयझेलेसाहेब हळूच म्हणाले.

झेलरबाई ओरडल्या नाहीत. गुडघ्यांवर बसल्या होत्या तिथेच थांबल्या, हातात ओलं फडकं.

"कधी कळलं?"

"कळायला नको होतं, नेमकं तेव्हा." ते दोन पायऱ्या खाली आले आणि कोरड्या पायरीवर बसले. "इतकी वर्षं खिडकीशी बसलो, बाई. माणूस छत्री हरवून येतो, पाकीट हरवून येतो, तोंड उघडतो तो पहिलं काय विचारतो? 'सापडली का?' राजा असो, रंक असो. तुम्ही मला बक्कल सांगितलंत, जॅम सांगितलात. 'सापडेल का' एवढं नाही विचारलंत."

झेलरबाईंनी फडकं पिळलं. पाणी काळं निघालं.

"तेवढ्यावरून?"

"नाही. जिन्यावरून. मास्तर असे पुसणार नाहीत. त्यांना पायपुसणं उचलता येतं हेच माहीत नाही. शिवाय ते वाजवत होते. श्वेंकबाई अशा पुसतील, पण दुसऱ्याच्या आठवड्यात मरणार नाहीत, झाडू तर लांबच. नुसते फराटे लपवणाऱ्याने पायऱ्या पुसल्या असत्या आणि पळ काढला असता. पायपुसण्याखाली कोण पुसतं? ज्याचा आठवडा आहे तो. आठवडा उद्यापासून तुमचा. जाण्याआधी तुम्ही तो उरकून टाकत होतात."

"श्वेंकबाई दुपारभर टोचत होत्या. मला लाजच वाटली." झेलरबाई पायरीकडे बघत बोलल्या. "बॅग वर नेली, चादर टाकली, वळले तर हे सगळे फराटे. म्हटलं पुसू. पुसता पुसता म्हटलं, आठवडाच करून टाकू. आळ मास्तरांवर येईल हे डोक्यातच आलं नाही. आल्यावर तोंड उघडेना." त्यांनी वर पाहिलं. "मी किती मूर्ख बाई आहे, साहेब?"

"तुम्ही दोन बाया आहात. मला एवढंच उलगडत नव्हतं. बॅग लपवणारीला जायचं नव्हतं. मग पुढच्या आठवड्याचा जिना कशाला पुसायचा? ती तर इथेच असणार. जिना पुसणारी बाई निघालेली होती."

खाली रस्त्यावरून एक सायकल गेली.

"तुम्हाला कोलोनची भीती वाटते?" त्यांनी विचारलं.

"कोलोनची कसली? मला डोळे मिटून स्टेशनातून नदीवर नेता येईल तुम्हाला. तुमच्या चुकीच्या पुलावरसुद्धा." झेलरबाईंनी नाक ओढलं. "पण एकदा जाऊन आले की मग गुरुवारी काय करायचं? गोटलोबबरोबर कधी गेले नाही म्हणून ते संपलं नाही. तुमच्याबरोबर..." त्यांनी वाक्य बादलीत टाकलं. "मला वाटलं तुम्ही म्हणाल, जाऊ नका. सहा आठवडे वाट पाहिली. तुम्ही गाड्यांच्या वेळा सांगत बसलात."

आयझेलेसाहेबांनी हरवलेल्या वस्तूंच्या कचेरीत अनेक प्रकारचे मूर्ख पाहिले होते. त्या यादीत त्यांनी आता एकाची भर घातली.

चर्चची घंटा सहाचे टोल देऊ लागली, तोवर झेलरबाईंनी शेवटचा कोपरा पुसून बादली उचलली होती. फाटक वाजलं. श्वेंकबाई.

६

"सापडली," आयझेलेसाहेबांनी बॅग खाली आणून ठेवली आणि जाहीर केलं.

"कोणाकडे?" श्वेंकबाईंचा एक हात फोनवर होता.

"आमच्या कचेरीत ते कधी सांगत नसू."

"चोर कोण ते मला कळलंच पाहिजे!"

"वस्तू सापडली की चोर राहत नाही, बाई. फक्त विसरभोळे लोक राहतात."

श्वेंकबाईंनी तोंड उघडलं, पण त्यांची नजर जिन्याकडे गेली आणि तिथेच अडकली. वरपासून खालपर्यंत लखलखीत. त्यांनी वाकून एक कोपरा तपासला. मग दुसरा. मास्तर मोज्यांवर खाली डोकावत होते, खोली जाते की राहते ते बघायला.

"शेवटी शिकलात तर," श्वेंकबाई त्यांना म्हणाल्या. आवाजात शोक होता. आता वर्षभर बोलायचं कशावर?

मास्तरांनी जिन्याकडे पाहिलं, झेलरबाईंच्या ओल्या बाह्यांकडे पाहिलं, आणि संगीत शिक्षकाला शोभेल अशा ठिकाणी गप्प बसले.

सकाळी फलाटावर वारा होता. आयझेलेसाहेबांनी बॅग चढवून दिली. पट्टा नवा होता, त्यांचा स्वतःचा. त्यामुळे त्यांना विजार एका हाताने धरून उभं राहावं लागत होतं.

"खोली तयार आहे म्हणे," ते गाडीच्या खिडकीकडे न बघता म्हणाले.

"काल रात्री फोनवर विचारलं उलरिखला, जिना कसा आहे. म्हणतो लिफ्ट आहे. केर काढायला माणूस येतो." झेलरबाईंनी खिडकीतून बाहेर वाकून टोपी सारखी केली. "अशा घरात माणसाने दिवसभर करायचं काय?"

शिट्टी झाली.

"जाऊ नका," आयझेलेसाहेब म्हणाले. गाडी हलली होती.

"आता?" झेलरबाई हसल्या, इतक्या की टोपी पुन्हा वाकडी झाली. "आता जाऊ द्या हो! गुरुवारी येते. येताना नवा नकाशा आणते. ल्युबेकचा!"

"ल्युबेकला काय आहे?"

"मला काय माहीत? म्हणून तर!"

ते घरी आले तेव्हा जिन्यात अजून साबणाचा वास होता. श्वेंकबाई काचेच्या दाराआड उभ्या होत्या आणि नेहमीपेक्षा जास्त सरळ उभ्या होत्या. का, ते आयझेलेसाहेबांना पहिल्या मजल्यावर आल्यावर कळलं. शनिवारी पाटी झेलरबाईंच्या दारावर असायला हवी होती. तिथे रिकामा खिळा होता. पाटी समोरच्या दारावर लटकत होती, त्यांच्या, आणि खाली भिंतीला टेकून झेलरबाईंचा स्वतःचा झाडू. तो त्यांनी गोटलोबलासुद्धा कधी वापरू दिला नव्हता.

टालिंगेनमध्ये याचा अर्थ साखरपुड्याहून कमी होत नाही, हे श्वेंकबाईंनी रविवारच्या प्रार्थनेपर्यंत सगळ्या गावाला सांगितलं.

आयझेलेसाहेबांनी कोट काढून खुंटीला लावला. विजारीला सुतळी बांधली. मग झाडू उचलला आणि कालच पुसलेल्या स्वच्छ जिन्यात, सगळ्यात आधी कोपऱ्यात, खस्स करून फिरवला.